जालन्याची प्रेस्बिटेरियन मंडळी : आपल्या शेजारच्या ख्रिस्ती घराचा इतिहास

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या आठ दिवसांत जगभरची ख्रिस्तसभा ख्रिस्ती ऐक्यासाठी विशेष प्रार्थना करते. १९०८ साली सुरू झालेली ही प्रथा आपल्या धर्मग्रामांतही पाळली जाते. मिस्साच्या वेळी एखादी विनंती म्हटली जाते, क्वचित कोठे शेजारच्या प्रॉटेस्टंट मंडळीच्या पाळकांना बोलावले जाते, चहापान होते आणि पुढच्या जानेवारीपर्यंत विषय बाजूला पडतो. ज्यांच्याशी ऐक्य व्हावे म्हणून आपण प्रार्थना करतो ते आहेत कोण, ते आले कोठून, त्यांची मंडळी कोणी उभी केली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. मराठवाड्यातील कॅथलिक माणसाला 'ते मिशनवाले' एवढी ओळख पुरेशी वाटते. ती पुरेशी नाही असे आमचे मत आहे. म्हणून या लेखात आम्ही जालना येथील प्रेस्बिटेरियन मंडळीचा इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम 'प्रेस्बिटेरियन' हा शब्द. ग्रीक भाषेत 'प्रेस्बुतेरोस' म्हणजे वडील, ज्येष्ठ माणूस. नव्या करारात प्रेषितांच्या काळातील मंडळ्यांमध्ये असे 'वडील' नेमले गेल्याचे आपण वाचतो. आपल्या परंपरेत याच शब्दापासून धर्मगुरू या पदाचे नाव आले. सोळाव्या शतकात जिनिव्हात कॅल्विन आणि स्कॉटलंडमध्ये जॉन नॉक्स यांनी त्याच शब्दाचा निराळा अर्थ लावला. त्यांच्या मते मंडळीचा कारभार बिशपांच्या हाती नसावा; मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक यांनी तो मिळून चालवावा. स्थानिक मंडळीच्या वडिलांची सभा म्हणजे 'सेशन', अनेक मंडळ्यांची मिळून 'प्रेस्बिटरी', तिच्यावर 'सिनड' आणि सर्वांत वर 'जनरल असेंब्ली' अशी ही रचना आहे. सात साक्रामेंतांपैकी ते दोनच मानतात : बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. बालकांना बाप्तिस्मा देतात; तो पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने देतात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

१५६० साली स्कॉटलंडच्या संसदेने पोपमहोदयांचा अधिकार रद्द केला आणि मिस्सावर बंदी घातली. पुढील शतकातील त्यांच्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात पोपमहोदयांना ख्रिस्तविरोधी म्हटले आहे. आपल्याकडूनही त्यांना पाखंडी म्हणण्यात कधी कसूर झाली नाही. हे सारे वैर युरोपात जन्मले आणि जहाजातून आपल्याकडे आले. जालन्याच्या मातीत ते उगवलेले नव्हते, हे या लेखाच्या ओघात दिसून येईल.

आजच्या जालना जिल्ह्याच्या भूमीवर पहिले स्कॉटिश लोक मोठ्या संख्येने आले ते धर्मप्रसारासाठी नव्हे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे शिंदे-भोसले आणि इंग्रज यांच्या सैन्यांत घनघोर लढाई झाली. इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या पलटणींत ७४वी आणि ७८वी या हायलँडर पलटणी होत्या, आणि त्यांतील ७४वी तर त्या दिवशी जवळजवळ कापली गेली. स्कॉटलंडच्या डोंगराळ खेड्यांतील ती तरुण मुले असईच्या शिवारात पुरली गेली. त्यानंतर निजामाच्या राज्यात इंग्रजी फौजेचा मुक्काम वाढत गेला आणि कुंडलिका नदीच्या काठी, जुने जालना आणि कादराबाद यांच्या शेजारी छावणी वसली. ही छावणी १९०३ पर्यंत टिकली. छावणी म्हटली की तिच्याबरोबर फौजेचे चॅप्लन येणे ओघाने आले. मद्रास प्रांताच्या सैन्यात कॅथलिक शिपाईही बरेच असत, त्यामुळे आपल्या धर्मगुरूंच्याही अशा छावण्यांतून फेऱ्या होत. परंतु छावणीचा धर्म छावणीच्या कुंपणातच राहतो. शिपाई गेले की देऊळ रिकामे होते. गावकऱ्यांची म्हणावी अशी मंडळी जालन्यास उभी राहिली ती एका मराठी ब्राह्मणामुळे.

त्यांचे नाव रेव्हरंड नारायण शेषाद्री.

त्यांची कथा मुंबईत सुरू होते. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ साली कोकणात बाणकोट येथे काम आरंभले होते. १८२९ साली डॉ. जॉन विल्सन मुंबईस आले आणि त्यांनी काढलेल्या शिक्षणसंस्थेतून पुढे आजचे विल्सन कॉलेज झाले. या संस्थेत हिंदू, पारशी, मुसलमान अशी सर्व समाजांची मुले शिकत. १८३९ साली धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मुंबई ढवळून निघाली आणि शाळेतील पुष्कळ मुले काढून घेण्यात आली. नारायण शेषाद्री हे याच संस्थेत शिकलेले बुद्धिमान तरुण. १३ सप्टेंबर १८४३ रोजी रॉबर्ट नेस्बिट या मिशनऱ्याच्या हातून त्यांचा बाप्तिस्मा झाला.

खरी खळबळ उडाली ती त्यांच्या धाकट्या भावामुळे. श्रीपत शेषाद्री हा तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा होता. तोही मिशनऱ्यांच्या घरी येऊन राहिला. प्रकरण मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेले आणि मुलगा अल्पवयीन असल्याने त्याला वडिलांच्या स्वाधीन करण्याचा हुकूम झाला. मिशनऱ्यांना हा निकाल अत्यंत कठोर वाटला. आज, दोन्ही बाजूंच्या कैफियती थंडपणे वाचल्यावर, आम्हांस तरी कोर्टाचा निकाल चुकीचा वाटत नाही. बारा वर्षांच्या मुलाला आईवडिलांपासून तोडून विश्वासाची उभारणी करावी, असे ख्रिस्तसभा आज शिकवीत नाही. पण कथा तेथे संपली नाही. मिशनऱ्यांच्या घरी अन्न खाल्लेल्या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही, यावर मुंबईच्या ब्राह्मणवर्गात मोठा वाद पेटला. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे असे त्यांनी मांडले, आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष पत्करला. मराठी वृत्तपत्रसृष्टीचा हा जनक १८४६ साली, ऐन तारुण्यात निवर्तला. महाराष्ट्राच्या सुधारणेच्या इतिहासात हे प्रकरण 'श्रीपत शेषाद्री प्रकरण' म्हणून नोंदले गेले आहे. श्रीपतचा थोरला भाऊ पुढे जालन्यास जाऊन काय करता झाला, हे मात्र इतिहासाच्या पुस्तकात शोधूनही सापडणे कठीण आहे.

त्याच वर्षी, नारायणरावांच्या बाप्तिस्म्यापूर्वी चार महिने, खुद्द स्कॉटलंडमध्ये मोठी फूट पडली होती. १८ मे १८४३ रोजी एडिंबरो येथील जनरल असेंब्लीतून डॉ. टॉमस चाल्मर्स यांच्या नेतृत्वाखाली शेकडो पाळक उठून बाहेर पडले. त्यांनी 'फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड' स्थापन केले. भांडण सिद्धांताचे नव्हते. गावच्या मंडळीवर पाळक कोणी नेमावा, मंडळीने की गावच्या जमीनदाराने, एवढाच प्रश्न होता. आपल्याकडील वतनदारी ज्यांना माहीत आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. मुंबई आणि वसईकडील कॅथलिक वाचकांना तर आणखी जवळचे उदाहरण आहे : पाद्रोआदो. पोर्तुगालच्या राजाला बिशप सुचविण्याचा जो हक्क होता त्यावरून मुंबईत १७९४ ते १९२८ पर्यंत एकाच शहरात दोन-दोन धर्माधिकारक्षेत्रे नांदली, आणि एकाच आळीतील कॅथलिक घरे दोन बाजूंना वाटली गेली. सत्ताधाऱ्याने देवाच्या घरात किती पाऊल टाकावे, हा प्रश्न एकट्या प्रॉटेस्टंटांचा कधीच नव्हता.

भारतातील सर्व स्कॉटिश मिशनऱ्यांनी फ्री चर्चची बाजू घेतली. त्यामुळे त्यांना जुन्या मिशनच्या इमारती सोडाव्या लागल्या आणि नव्याने सुरुवात करावी लागली. नारायण शेषाद्री अशा घरात आले की ज्याने नुकताच आपला आसरा तत्त्वासाठी सोडला होता. हा संस्कार त्यांच्यावर खोल झाला असावा असे आम्हांस वाटते. कारण पुढे त्यांनीही मुंबईची सुरक्षित जागा सोडली. १८५४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मुंबईच्या संस्थेत इंग्रजी शिकलेल्या तरुणांना शिकवीत राहिले असते तरी त्यांचे आयुष्य मानाने गेले असते. त्याऐवजी ते घाट चढून आत गेले आणि अठराशे साठनंतरच्या काळात निजामाच्या मुलखातील जालना हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले.

आता या इतिहासातील मुख्य गोष्ट. जालन्याच्या आसपासच्या खेड्यांत त्यांच्याभोवती जे लोक जमले ते प्रामुख्याने मांग समाजाचे होते. दोर वळणे, केरसुण्या करणे, लग्नकार्यात हलगी वाजविणे, ही त्यांची गावकीतील कामे, वस्ती गावकुसाबाहेर, विहिरीवर मज्जाव, आणि जमीन जवळजवळ नाहीच. शिवणे तर दूर, ज्यांची सावलीही अंगावर पडू नये असा त्या काळचा दंडक होता, त्यांच्या वस्तीत हा देशस्थ ब्राह्मण जाऊन बसू लागला. त्या काळात या समाजाची अवस्था काय होती हे जाणून घ्यायचे असेल तर मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध वाचावा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला हा निबंध १८५५ साली अमेरिकन मराठी मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्रात छापला गेला. स्वतः जोतीरावांचे इंग्रजी शिक्षणही पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत आणि मिशनऱ्यांचे सर्व म्हणणे त्यांनी मानलेही नाही. तरीही जालन्याच्या मंडळीचे आणि पुण्याच्या सत्यशोधकी विचाराचे पाणी काही अंशी एकाच आडातले आहे, हे नाकारता येणार नाही.

बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचे पुढे काय होई? गावकीचे काम गेले की बलुत्याचा वाटा गेला. पाटलाची मर्जी गेली. आपल्याच भाऊबंदांनी वाळीत टाकले. पोटापाण्याची सोय नसलेला विश्वास दुष्काळात किती टिकणार, याची जाणीव नारायणरावांना होती. म्हणून त्यांनी जमीन मागितली. त्या वेळी हैदराबादचे दिवाण होते सर सालारजंग. १८५३ पासून १८८३ पर्यंत, तीस वर्षे, त्यांनी निजामाच्या राज्याचा कारभार सांभाळला आणि महसूल, न्याय, शिक्षण यांत मोठ्या सुधारणा केल्या. त्यांच्या कारकिर्दीत निजाम सरकारने जालन्यालगतची जमीन नारायणरावांना दिली. त्या जमिनीवर वसलेल्या ख्रिस्ती वस्तीला त्यांनी 'बेथेल' हे नाव दिले.

उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात याकोब घरातून पळून निघालेला आहे. रात्री उघड्यावर, उशाला धोंडा घेऊन तो झोपतो आणि स्वर्गापर्यंत पोहोचणारी शिडी पाहतो. सकाळी उठून त्या जागेला तो बेथेल म्हणजे देवाचे घर असे नाव देतो. घर सोडावे लागलेल्या, निवारा नसलेल्या माणसाला उघड्या माळावर देवाचे घर सापडते. गावकुसाबाहेरच्या माणसांच्या वस्तीला हे नाव देणाऱ्याने पवित्र शास्त्र नुसते पाठ केलेले नव्हते. मंदिर, घरे, शेती आणि हाताला काम, अशी त्या वस्तीची कल्पना होती. ज्यांच्या बापजाद्यांनी दुसऱ्याच्या शेताच्या बांधावर उभे राहून धान्य मागितले, त्यांना स्वतःच्या नांगराची मूठ धरायला मिळावी, हा तिचा गाभा होता.

मुसलमान राज्यकर्त्याच्या सरकारने जमीन द्यावी, ब्राह्मणाने ती मागावी, मांगांनी ती कसावी आणि त्यासाठीचे बरेचसे पैसे स्कॉटलंडमधील साध्या मंडळ्यांच्या दानपेटीतून यावेत! भारतातील ख्रिस्ती धर्म म्हणजे गोऱ्या साहेबाने लादलेली परकी वस्तू, असे जे सरसकट बोलले जाते त्यात बेथेलची ही हकीकत कोठेच बसत नाही. इंग्रज सरकारचा या गावाशी थेट संबंध नव्हता. ते निजामाचे राज्य होते. अर्थात पैशाची दोरी परदेशी होती आणि अशा वस्त्यांत मिशनवर अवलंबून राहण्याची सवय लागते, हेही खरे. ही अडचण आपल्या कॅथलिक मिशन केंद्रांनाही तितकीच भोवली आहे. 'फादर देतील' या दोन शब्दांनी आपल्या किती पिढ्यांचे नुकसान केले, याचा हिशेब एकदा मांडावयास हवा. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

प्रेस्बिटेरियन पद्धतीमुळे जालन्यास आणखी एक गोष्ट घडली, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. या पद्धतीत वडील मंडळीतूनच निवडावे लागतात. जेथे बहुसंख्य सभासद मांग समाजातून आलेले, तेथे वडीलही त्यांच्यातूनच येणार हे उघड आहे. गावच्या पंचायतीत ज्याला बसायला फळकूट मिळत नव्हते, त्याने मंडळीच्या सभेत पाळकाशेजारी बसून हिशेब पाहावा, एखाद्याच्या वर्तनावर निर्णय द्यावा, असा तो बदल होता. आपल्या ख्रिस्तसभेत धर्मग्राम सल्लागार मंडळे आली ती दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर. या बाबतीत शेजाऱ्याकडे काही शिकण्यासारखे होते, असे म्हणण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही.

ऑक्टोबर १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे इव्हँजेलिकल अलायन्स या जागतिक प्रॉटेस्टंट संघटनेची परिषद भरली. तेथे नारायण शेषाद्री डोक्याला पागोटे बांधून उपस्थित राहिले आणि अस्खलित इंग्रजीत बोलले. स्वामी विवेकानंदांच्या शिकागोच्या भाषणापूर्वी वीस वर्षे अमेरिकेतील श्रोत्यांनी एका मराठी माणसाचे असे भाषण ऐकले होते. धर्म बदलला म्हणून पागोटे टाकून हॅट घालण्याची गरज त्यांना वाटली नाही. आपल्याकडे पोर्तुगीज आडनावे आणि पाश्चात्त्य पेहराव यांवरून जे वाद अधूनमधून होतात, त्यांत भाग घेणाऱ्यांनी हे पागोटे एकदा आठवावे. १८९१ साली नारायणरावांचे निधन झाले. बाबा पदमनजी, धनजीभाई नौरोजी यांच्या पंक्तीतील हा माणूस. परंतु बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' कादंबरी आणि 'अरुणोदय' हे आत्मचरित्र यांमुळे त्यांचे नाव मराठी साहित्यात राहिले. नारायणरावांनी मागे वस्ती ठेवली. वस्तीला ग्रंथालयात जागा नसते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्याची रेल्वे जालन्यास आली, त्याच सुमारास छप्पन्नच्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला, छावणी उठली आणि गाव कापसाच्या व्यापाराकडे वळले. जालन्याचे मिशन हॉस्पिटल ही या स्कॉटिश कार्याचीच फांदी. त्या दवाखान्याच्या दारात रुग्णाला पंथ कोणी विचारला नाही. इकडे मायदेशी फ्री चर्च १९०० साली युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्चशी एकत्र येऊन युनायटेड फ्री चर्च झाले आणि १९२९ साली त्याचा मोठा भाग पुन्हा चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये विलीन झाला. म्हणजे १८४३ चे भांडण शहाऐंशी वर्षांनी मिटले. जालन्याच्या शेतकऱ्याला त्या भांडणाशी काय देणेघेणे होते? तरी त्याच्या मंडळीच्या पाटीवरील नाव प्रत्येक वेळी बदलत गेले.

भारतात मात्र ऐक्याची ओढ अधिक होती. १९०४ साली येथील निरनिराळी प्रेस्बिटेरियन मिशने मिळून 'प्रेस्बिटेरियन चर्च इन इंडिया' झाले. १९२४ साली त्यात काँग्रिगेशनल मंडळ्या मिसळून 'युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया' स्थापन झाले. त्यामुळे जालन्याची स्कॉटिश परंपरा आणि नगरची, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक ज्या मिशनमध्ये होते त्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा एका छताखाली आली. शेवटी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स यांच्यासह सहा परंपरा एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया', म्हणजे उत्तर भारतीय चर्च, अस्तित्वात आले. या चर्चला बिशप आहेत. नॉक्सच्या अनुयायांनी ज्या पदासाठी रक्त सांडले, ते पद त्यांच्या भारतीय वंशजांनी ऐक्यासाठी स्वेच्छेने स्वीकारले. वडिलांची परंपराही सोडली नाही. ऐक्यासाठी काही सोडावे लागते, एवढेच नव्हे तर एके काळी सोडलेले काही परत घ्यावेही लागते, याचे हे उदाहरण आहे.

कॅथलिकांचे काय? मराठवाड्यात आपले काम निराळ्या वाटेने आले. फ्रान्समधील संत फ्रान्सिस दि सेल्स संघाचे धर्मगुरू १८४६ साली विशाखापट्टणमला उतरले, तेथून त्यांचे क्षेत्र नागपूर-कामठीपर्यंत पसरले, १८८७ साली नागपूर धर्मप्रांत झाला आणि १८९२ पासून फादर मारियन थेवने यांनी घोगरगावच्या परिसरात गावोगाव जाऊन काम सुरू केले. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत स्वतंत्र झाला आणि १ मे १९८१ रोजी जालना हा वेगळा जिल्हा झाला. म्हणजे घोगरगावचे काम सुरू झाले त्याच्या आदल्याच वर्षी नारायणरावांनी डोळे मिटले होते. आपले मिशनरी आले तेव्हा जालन्याच्या परिसरात येशूचे नाव मराठीतून, मराठी माणसाच्या तोंडून, एक पिढी ऐकले गेले होते. या दोन प्रवाहांत पुढे स्पर्धा झाली. एका वस्तीतील काही घरे इकडे, काही तिकडे. एका भावाच्या लग्नात दुसऱ्याने जायचे की नाही यावर कलह. मावशी 'स्कॉटिश' आणि आत्या 'रोमन', असे म्हणणारी म्हातारी माणसे आजही भेटतात. दोन्हीकडची आडनावे पाहिली तर तीच. दोन्हीकडे आलेले बहुतेक लोक त्याच वस्त्यांतून, त्याच दुःखातून आलेले.

आणि दुःखाच्या बाबतीत राज्यव्यवस्थाही आपल्यात भेद करीत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशाने या सवलती हिंदू धर्मापुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ च्या अहवालात ही धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस केली. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात गणले जाते. बेथेलच्या मांगाचा पणतू आणि घोगरगावच्या कॅथलिकाचा पणतू कचेरीतील एकाच खिडकीपुढे एकाच कागदासाठी उभे असतात. तेथे कारकून त्यांना पंथ विचारीत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी प्रसृत केलेल्या ऐक्यविषयक आदेशपत्रात अशा बंधूंविषयी स्पष्ट शिकवण आहे : योग्य रीतीने बाप्तिस्मा घेतलेले आणि ख्रिस्तावर विश्वास ठेवणारे हे लोक, अपूर्ण का होईना, पण कॅथलिक ख्रिस्तसभेशी खऱ्या नात्याने जोडलेले आहेत. फुटीचा दोष दोन्हीकडच्या माणसांचा आहे, हेही तेथे मान्य केले आहे. ही शिकवण येऊन साठ वर्षे उलटली, तरी धर्मग्रामांत रोजच्या व्यवहाराविषयी गोंधळ दिसतो. विशेषतः तीन प्रश्न वारंवार विचारले जातात, म्हणून त्यांची उत्तरे येथे देतो.

उत्तर भारतीय चर्चमधून आलेल्या सुनेला किंवा जावयाला 'पुन्हा बाप्तिस्मा' द्यावा काय? नाही. पाण्याने आणि त्रैक्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा एकदाच होतो. धर्मकायद्याच्या ८६९व्या नियमानुसार, तो खरोखर झाला की नाही याविषयी गंभीर शंका असल्याखेरीज सशर्त बाप्तिस्माही देता येत नाही. अशा व्यक्तीला पूर्ण सहभागितेत घेण्याचा विधी वेगळा आहे. हौसेने किंवा सासरच्या आग्रहाने बाप्तिस्मा 'पक्का' करून घेणे, हा आधीच्या साक्रामेंताचा अवमान आहे.

विवाह होऊ शकतो काय? होऊ शकतो, परंतु नियम ११२४ प्रमाणे बिशपमहोदयांची परवानगी आधी घ्यावी लागते. कॅथलिक पक्षाने आपला विश्वास जपण्याचे आणि मुलांना कॅथलिक विश्वासात वाढविण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन द्यायचे असते, आणि दुसऱ्या पक्षाला त्या वचनाची कल्पना दिलेली असली पाहिजे. हे काम लग्नपत्रिका छापून झाल्यावर धर्मगुरूंकडे आणू नये.

त्यांच्या प्रभुभोजनात किंवा त्यांनी आपल्या पवित्र कम्युनियनमध्ये भाग घ्यावा काय? सर्वसाधारणपणे नाही, नियम ८४४ मधील अपवाद फार मर्यादित आहेत. याचे दुःख होते आणि ते व्हावे. मात्र त्यांच्या लग्नाला, अंत्यविधीला, उपासनेला उपस्थित राहणे, त्यांच्याबरोबर प्रार्थना करणे, भजन गाणे यांस काहीही आडकाठी नाही.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. विवाहाच्या किंवा प्रवेशविधीच्या वेळी बाप्तिस्म्याचा दाखला लागतो. जालना परिसरातील जुन्या मिशन मंडळ्यांत ज्यांचा बाप्तिस्मा झाला असेल त्यांनी, ज्या मंडळीत तो झाला तेथील पाळकांकडे अर्ज करून नोंदवहीतील उतारा मागावा. मंडळीचे नाव बदललेले असले तरी १९७० पूर्वीच्या नोंदींची चौकशी आजच्या उत्तर भारतीय चर्चच्या त्याच मंडळीत करावी. वही जीर्ण झालेली किंवा हरवलेली असल्यास निराश होऊ नये. नियम ८७६ प्रमाणे, कोणाचे नुकसान होत नसेल तर एका विश्वासार्ह साक्षीदाराचे निवेदन पुरते. आणि बाप्तिस्मा प्रौढपणी झाला असेल तर त्या व्यक्तीची स्वतःची शपथही पुरते. त्या मंडळीतील एखादे वृद्ध वडील ही साक्ष देऊ शकतात. त्यांच्याकडे जाताना आपल्या धर्मगुरूंचे पत्र बरोबर न्यावे.